आण्णांची बायपास: एकोणतीस दिवस आणि एक निळी फाईल

कोजागिरीला आण्णा दोन पेले मसाला दूध प्यायले आणि पहाटे चारला छातीत जळजळतंय म्हणून अंथरुणात उठून बसले. तारीख १७ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. आमच्याकडे छाती दुखली की पहिला आळ खाण्यावर येतो. आईनं इनो ढवळून दिलं, पाठ चोळली, त्यात पाऊण तास गेला. मी लग्न होऊन त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून राहते. आईचा फोन आला, "अंग गार पडलंय गं त्यांचं." मी पोचले तेव्हा बनियन पिळून काढावं इतकं भिजलेलं, आणि आण्णांचं चाललेलं, "मला काय बी झालं न्हाई. आज दावण्याचं औषध मारायचंय, छाटणी होऊन दहा दिस झालं."

आण्णा अठ्ठावन्न वर्षांचे. पाऊण एकर द्राक्षबाग (दावण्या हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या बागेत छाटणी, थिनिंग म्हणजे घडातले मणी विरळ करणं. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. डॉक्टरीतलं कळत नाही, वकिलीतलंही नाही, पण कागद जपायची सवय आहे. गेल्या काही महिन्यांत ही सगळी हकिकत फोनवर इतक्या जणांना सांगितली की एकदा लिहूनच काढावी म्हटलं. दवाखान्यांची नावं लिहिणार नाही. कुणी विचारूही नका.

पहिली चूक आमचीच. १०८ ला फोन करायला हवा होता. ती गाडी फुकट असते, तिच्यात डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो, आणि निघतानाच पुढच्या दवाखान्याला कळवलेलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला दारात उभी असलेली गाडी दिसते. आमच्या ह्यांची पिकअप होती. आण्णांना पुढच्या सीटवर बसवलं, मी मागं हौद्यात, आणि थेट सांगली. तीही कुठं, तर माझ्या चुलतभावाचा मोडलेला पाय जिथं बसवला होता त्या खासगी दवाखान्यात. तिथं हृदयाचं ऑपरेशन होतं का, तो सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

न्यायानं सांगायचं तर त्या लोकांनी आण्णांचा त्या दिवशीचा जीव वाचवला. ईसीजी काढला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, आयसीयूत ठेवलं. २५ हजार डिपॉझिट भरलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की ॲन्जिओग्राफी करावी लागेल, ती इथं होत नाही, आणि ही जागा योजनेत नाही. शनिवारी सकाळी बिल हातात आलं तेव्हा आकडा ४३ हजार ६०० होता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "पूर्ण भरल्याशिवाय पेशंट सोडता येणार नाही आणि कागदही मिळणार नाहीत." आईनं गळ्यातली बोरमाळ काढून दिली. माझ्याच पतसंस्थेत, माझ्याच टेबलावर येणाऱ्या फॉर्मवर ती तारण ठेवली. शनिवार होता, साहेबांनी कुलूप लावता लावता काम करून दिलं.

बिलासाठी पेशंटला अडवून ठेवता येत नाही, आणि कागदपत्रांच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात हा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे, हे मला दहा दिवसांनी कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी भांडले असते का? बहुतेक नसते. आण्णा त्यांच्या आयसीयूत होते.

शुक्रवारी रात्री मात्र एक काम नीट झालं. योजनेच्या १५५३८८ या फुकट नंबरला फोन लावला (दुसरा १८०० २३३ २२००, तोही चालतो). 'योजनेतले दवाखाने सांगा' असं विचारलं तर लांबलचक यादी ऐकवतात. 'ॲन्जिओग्राफी आणि बायपास दोन्ही होणारे, सांगली-मिरजेतले' असं विचारलं तेव्हा कामाची नावं मिळाली. एखादा दवाखाना योजनेत असतो, पण फक्त हाडांसाठी किंवा फक्त किडनीसाठी. दारावरचा बोर्ड बघून आत जाऊ नका.

तर मिरज. आमच्या भागात 'मिरजेला हलवलंय' एवढं म्हटलं की पुढचं समजून घेतात. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं दवाखाना सुरू केला तेव्हापासून चार जिल्ह्यांची आणि कर्नाटकच्या सीमेपलीकडची दुखणी त्या गावात येऊन पडतात. रस्त्यावर दर तिसरी पाटी दवाखान्याची, उरलेल्या मेडिकलच्या आणि लॉजच्या. माझ्या आज्जीच्या तोंडी 'तुला मिरज दाखवीन' ही धमकी होती.

१९ ऑक्टोबरला दुपारी दोनला आण्णा तिथल्या एका योजनेतल्या दवाखान्यात ॲडमिट झाले आणि मी आरोग्यमित्राच्या टेबलापुढं रांगेत उभी राहिले. पेशंटची योजनेत नोंद करणारा हा माणूस योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात असतो. डॉक्टरांच्याही आधी त्याला गाठा. आमचा आरोग्यमित्र पंचविशीतला पोरगा, समोर लॅपटॉप, बाजूला अंगठ्याचं मशीन आणि डब्यात गार झालेली चपाती. "ताई, रेशनकार्ड ओरिजिनल, आधार, ॲडमिशनचा कागद." मी विचारलं, "दीड लाखापर्यंतच ना?" म्हणाला, "ते जुनं झालं. एक जुलैपासून पाच लाख, कुटुंबाला वर्षाला. आणि कार्ड कुठल्याही रंगाचं चालतं."

हे खरं आहे. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झालेली योजना पुढच्या वर्षी राज्यभर आली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासकट सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत लागू झाली. तेव्हा तिच्यात १ हजार ३५६ प्रकारचे उपचार होते. बायपास पहिल्यापासून आहे. आमच्या गावात अजून निम्म्या लोकांना वाटतं की ती फक्त पिवळ्या कार्डाची आहे.

आमचं कार्ड केशरी. रंगाचा प्रश्न नव्हता, नावाचा होता. कार्ड आमच्या आज्ज्याच्या नावावर, आज्जा २०११ ला गेला. आण्णांचं नाव आत होतं, पण हाक मारायचं. आधारवर शाळेच्या दाखल्यावरचं. आडनाव तेवढं जुळत होतं. शिवाय कार्डावर बारा अंकी ऑनलाइन नंबरच नव्हता. तेरा वर्षं आम्ही त्या कार्डावर गहू-तांदूळ उचलत होतो, कुणाला काही खटकलं नव्हतं.

आरोग्यमित्रानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "इमर्जन्सी म्हणून नोंद घालतो, उपचार थांबणार नाहीत. तीन दिवसांत बारा अंकी नंबरची प्रिंट आणि दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा दाखला आणा." हे वाक्य मी त्याच्यासमोर वहीत लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. तिथल्या तिथं वाचून दाखवलं की नंतर 'असं कोण म्हणालं' होत नाही.

सोमवारी तालुक्याला. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागलेली. पुरवठा शाखेत चार खुर्च्या रिकाम्या, निवडणुकीचं ट्रेनिंग. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात बसत नाही) मतदान केंद्रं बघायला गेलेले. बाहेर स्टॅम्पवाला म्हणाला, "नावाचं प्रतिज्ञापत्र ना, आता पाचशेचा स्टॅम्प लागतो, शंभरचा बंद झाला." शंभरचा बंद झाला हे खरं होतं, आदल्याच आठवड्यातली बातमी. पण सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतच नाही, २००४ पासून माफ आहे. हे मला पतसंस्थेमुळं माहीत होतं. साध्या कागदावर लिहिलं. त्या दिवशी वाचलेले पाचशे रुपये मी आजही मोजते.

मंगळवारी दुसरा हेलपाटा. सकाळी दहाला तलाठ्यांना त्यांच्या घराच्या दारात गाठलं, हेल्मेट घालत होते. गाडीच्या सीटवर कागद ठेवून सही केली, शिक्क्यासाठी परत कार्यालयात यावं लागलं. पुरवठा शाखेत जेवणाच्या सुट्टीनंतर एक बाई आल्या. दोन मिनिटांत बारा अंकी नंबर काढून दिला. दोन मिनिटांचं काम होतं. त्यासाठी दीड दिवस गेला याबद्दल त्या बाईंवर माझा राग नाही. चार टेबलांचं काम त्या एकट्या करत होत्या.

संध्याकाळी परत मिरज. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून मीच सगळे हेलपाटे घातले. आमचे हे गमतीनं म्हणायचे, तुझ्या बापाच्या आजारपणात सरकारनं निम्मा वाटा उचललाय.

आता अंगठा. आधारची खात्री पटवायला आण्णांचा अंगठा मशीनवर लागेना. उजवा, डावा, सगळी बोटं. चाळीस वर्षं कात्री आणि औषधं, रेषा पार गुळगुळीत झालेल्या. आयसीयूत मशीन तीनदा आणलं. शेवटी आरोग्यमित्रानं मोबाईलवर चेहरा दाखवून करायचा मार्ग काढला. सिस्टरनं मिनिटभर ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "आण्णा, कॅमेऱ्यात बघा, डोळे मिचकवा." आण्णांनी लग्नाच्या फोटोसारखा चेहरा ताणला आणि डोळे मिटलेच. चौथ्या वेळी झालं. तुमच्या घरात कष्टाच्या हातांचं माणूस असेल तर हा पर्याय आधीच माहीत असू द्या.

मधल्या सोमवारी ॲन्जिओग्राफी झाली होती. करायच्या आधी काउंटरवर ९ हजार ५०० मागितले. "योजनेत बसलं तर परत मिळतील." भावानं चाकणहून फोनवरून भरले. मी पावती मागितली. कच्ची दिली, मी पक्की मागितली. डॉक्टर म्हणाले, तीन नळ्या बंद, बायपासच करावी लागेल.

२३ तारखेला मंजुरीसाठी फाईल वर गेली. तिथून काही खुसपट निघालं की 'क्वेरी पडली' म्हणतात. २५ ला पहिली पडली, नावाचा दाखला स्पष्ट दिसत नाही. परत स्कॅन. २८ ला दुसरी, ॲन्जिओग्राफीची चित्रफीत उघडत नाही. आरोग्यमित्राला रोज सकाळी साडेदहाला आणि दुपारी चारला विचारायचं असं मी ठरवून घेतलं. जास्त वेळा विचारलं तर तो टाळायला लागतो, कमी विचारलं तर आपली फाईल खाली जाते.

या दिवसांत जो भेटायला येईल तो एकच सांगायचा, "साहेबांचं पत्र आणा." कुठल्या साहेबांचं, यावर मात्र पाहुण्यांत दोन पक्ष. माझ्या मावसदिरांनी प्रचाराच्या गाडीमागं दोन दिवस फिरून एक पत्र आणलंच. आचारसंहितेमुळं त्यावर तारीख नव्हती. आरोग्यमित्रानं ते वाचलं, घडी घालून परत दिलं. "ठेवा फाईलमध्ये, ताई. लागत नाही." एवढंच. पण आण्णांना त्या पत्राचा जो आधार वाटला तो कुठल्याच कागदाचा वाटला नाही. ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हात जोडायचे. डॉक्टरला, सिस्टरला, फरशी पुसणाऱ्या मावशीला, जेवणाच्या ताटवाल्याला. "लई उपकार झालं." मी एकदा चिडून म्हटलं, "आण्णा, उपकार नाहीत हे." ते म्हणाले, "मग काय हाय?" मला नीट सांगता आलं नाही.

त्या मजल्यावर पाणी प्यायच्या फिल्टरमागं एक फ्लेक्स होता. फिल्टरनं निम्मा झाकलेला. 'रुग्ण हक्कांची सनद'. २०२१ मध्ये राज्यानं नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती केली तेव्हापासून ही सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. रात्री अकरानंतर कॉरिडॉर शांत झाला की मी फिल्टरच्या दोन्ही बाजूंनी वाकून ती वाचली. आजाराची आणि खर्चाची माहिती मिळण्याचा हक्क, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क, असं एकेक. मग मोबाईलवर पुढचं वाचत बसले.

आपल्या राज्यघटनेत आरोग्य हा शब्द मूलभूत हक्कांच्या यादीत नाही. कलम ४७ मध्ये आहे, पण ते सरकारनं काय करावं याचं मार्गदर्शन. हक्क म्हणून तो कोर्टांनी कलम २१ मधून, जगण्याच्या हक्कातून, वाचून काढला. त्यातली एक केस मी दोनदा वाचली. पश्चिम बंगालमधल्या शेतमजुरांच्या संघटनेतला एक माणूस, हकीम शेख, १९९२ च्या जुलैत रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला परत पाठवलं, कुठं खाट नाही, कुठं सोय नाही. शेवटी खासगीत उपचार घ्यावे लागले. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे कलम २१ चा भंग आहे, पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही, आणि त्याला २५ हजार रुपये भरपाई द्या. २५ हजार. आमचं पहिल्या दिवशीचं डिपॉझिट तेवढंच होतं. राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा वेगळा कायदाही केला. आपल्याकडं तो नाही. आपल्याकडं योजना आहे, आणि योजना चालवायला रोज साडेदहाला आणि चारला टेबलापुढं उभं राहावं लागतं.

शेजारच्या बाकावर अथणीकडची एक आज्जी असायची, मुलगा आत. तिला मराठी समजायचं, बोलायची कानडी. तिच्याकडं कर्नाटकचं रेशनकार्ड, ते आमच्या टेबलावर चालेना. पिशवीत आयुष्मानचं कार्डही होतं, पण कुणी विचारलं नव्हतं. आयुष्मान कार्ड देशभर चालतं, त्याचा नंबर १४५५५. तिच्या नातीला तो लावून दिला. पुढं काय झालं ते पाहायला मिळालं नाही, त्यांना दुसऱ्या वॉर्डात हलवलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार. हा दिवस सगळ्यात अवघड गेला. बिलिंगमधल्या एका बाईंनी आमच्या ह्यांना बाजूला बोलावलं. योजनेत साधं मटेरियल येतं, चांगलं वापरायचं असेल तर ३० हजार वेगळे, ऑपरेशनच्या आधी भरा. हे लगेच तयार झाले. "जिवापुढं तीस हजार काय?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी बागायतदाराकडं उसने मागायला फोनही काढला होता. मी त्या बाईंकडं गेले आणि म्हटलं, "मॅडम, आम्ही भरतो. कशाचे ते लेखी द्या." त्या म्हणाल्या, "असं लेखी नसतं देत." मी म्हटलं, "मग मला योजनेच्या नंबरला विचारावं लागेल."

बोलताना आवाज स्थिर होता, गुडघे नव्हते. जिन्यात जाऊन १५५३८८ लावला. तक्रार सांगितली, पेशंटचा नोंदणी क्रमांक दिला, तक्रारीचा नंबर घेतला. साडेचार मिनिटांचा फोन. त्यानंतरची रात्र मात्र मी विसरणार नाही. ज्यांची तक्रार केली त्यांच्याच टेबलावर आण्णांची छाती उघडायची आहे, हा एकच विचार. मुद्दाम काही करतील का? लांबवतील का? आईला सांगितलं नाही. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, कशाला नडलीस?" पहाटे मलाही तसंच वाटायला लागलं होतं. हक्क मागणारा मोकळा असतो तेव्हा हक्क मागणं सोपं. इथं आपलं माणूस त्यांच्या हातात असतं.

सकाळी अकराला दवाखान्याचे योजनेचे समन्वयक स्वतः आले. "गैरसमज झाला, कुठलेही पैसे भरायचे नाहीत, लागणारं साहित्य पॅकेजमध्येच आहे." दुपारी मंजुरीही आली. तक्रारीमुळं आली की येणारच होती, मला माहीत नाही. आणि डॉक्टरांबद्दल सांगायलाच हवं. सर्जन त्या संध्याकाळी राउंडला आले, आण्णांच्या खांद्यावर हात ठेवून द्राक्षाचा दर विचारला. त्यांना त्या तीस हजारांचं काही ठाऊक होतं असं मला वाटत नाही.

मग दिवाळी. लक्ष्मीपूजन शुक्रवारी, पाडवा शनिवारी. ऑपरेशन थिएटर फक्त तातडीचं. वॉर्डात एका नातेवाइकानं खिडकीत पणती लावली, सिस्टर ऑक्सिजनच्या भीतीनं धावत आली. आईनं डब्यातून आणलेली चकली आण्णांना चालत नव्हती, ती आम्ही जिन्यात खाल्ली. भाऊबीजेला भाऊ आला, ओवाळणी म्हणून चार रक्तदाते शोधायची जबाबदारी घेतली. गावातली सहा पोरं पिकअपमधून आली. त्यातल्या एकाचं हिमोग्लोबिन कमी निघालं, त्यालाच सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

बुधवार, ६ नोव्हेंबर. सकाळी आठला आत नेलं, पावणेदोनला सर्जन बाहेर आले. "छान झालं." पुढचे आठ दिवस म्हणजे खोकताना छातीला उशी धरणं, फुगे फुगवणं, आणि दर तासाला 'बागेत कोण गेलं' हे विचारणं.

१४ नोव्हेंबरला डिस्चार्ज. सह्यांचे कागद पुढं आले, त्यात एक होता, 'रुग्णाकडून कोणतेही पैसे घेण्यात आले नाहीत.' घाईत सगळे सही करतात. मी खाली लिहिलं, 'ॲन्जिओग्राफीचे ९ हजार ५०० घेतले आहेत, पावती क्रमांक अमुक', मग सही केली आणि मोबाईलमध्ये फोटो काढला. ते पैसे २७ डिसेंबरला आण्णांच्या खात्यावर आले. त्या एका ओळीशिवाय आले असते असं मला वाटत नाही.

दहा दिवसांची औषधं पिशवीत दिली. योजनेत घरी परत जायचं एसटीचं भाडंही मिळतं, हे मी वाचलं होतं म्हणून विचारलं. कॅशियरनं वर पाहिलं, रजिस्टर काढलं, सत्तर रुपये मोजून दिले. आण्णांनी स्वतः सही केली. बायपास फुकट झाल्याचं त्यांना दवाखान्याचं औदार्य वाटलं होतं, या सत्तर रुपयांनी मात्र ते बुचकळ्यात पडले. गाडीत दोनदा विचारलं, "आगं, ह्ये कशाचं?"

खर्चाचा हिशेब सांगते, कारण 'फुकट' शब्दानं फसायला होतं. पहिल्या दवाखान्याचे ४३ हजार ६००. आमचं येणं-जाणं, बाहेरचं जेवण, चार रात्रींचा लॉज, झेरॉक्स, सगळं मिळून साडेअकरा हजार. माझ्या सोळा रजा, त्यातल्या सात बिनपगारी. ह्यांची बुडालेली भाडी मोजलीच नाहीत. पेशंटचं जेवण योजनेत असतं, सोबतच्या माणसाचं नाही. आणि बागेवर दावण्या आला, तो कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही.

२० नोव्हेंबरला मतदान. आण्णांना खुर्चीत बसवून शाळेपर्यंत नेलं. बूथबाहेरच्या मंडपातून एका कार्यकर्त्यानं हाक मारली, "काय आण्णा, केलं का न्हाई साहेबांनी काम?" मावसदीर मागंच उभे होते. आण्णांनी माझ्याकडं बघितलं, छातीवरची उशी सावरली आणि म्हणाले, "टाका मिटला परवा."

आता औषधं गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घेतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथं केसपेपरलाही पैसे नाहीत. रक्त पातळ करायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी बहुतेक वेळा असते, नसली तर बाहेरून. बोरमाळ अजून तारणात आहे, मार्चअखेर सोडवायचा विचार आहे.

रेशनकार्ड वेगळं करायचा अर्ज डिसेंबरात टाकला. आज्ज्याच्या मृत्यूचा दाखला, चुलत्यांचं संमतिपत्र, आधारच्या प्रती. पहिल्यांदा परत आला, चुलत्यांची सही इंग्रजीत आणि बँकेतली मराठीत म्हणून. दुसऱ्यांदा टाकलाय. पोचपावती निळ्या फाईलमध्ये पहिल्या पानावर लावली आहे, साहेबांचं ते बिनतारखेचं पत्र शेवटच्या. येत्या मंगळवारी परत जायचंय. आण्णा म्हणतात, ह्या वेळी मी पण येतो, माझ्या नावाचं हाय.